२५ वॅटचा हातभोंगा: एका अपक्ष उमेदवाराचा १६ दिवसांचा अनुभव

हा भोंगा घ्यायचा विचार असेल तर सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून ठेवते. मुठीवरचा चाप सोडला की आवाज त्याच क्षणी बंद होतो. वाक्य पुरतं संपायच्या आत बोट सैल पडलं, तर शेवटचा शब्द लोकांपर्यंत जातच नाही. मराठीत वाक्याच्या शेवटी काय असतं, याचा विचार मी भोंगा विकत घेताना केला नव्हता. त्यापायी माझे प्रचाराचे दोन दिवस गेले. ते पुढे सविस्तर लिहिलंय.

मी वॉर्डाच्या निवडणुकीला अपक्ष उभी होते, पहिल्यांदाच. समोर चार उमेदवार. त्यांतल्या दोघांमागे मोठे पक्ष, गाड्या, दिवसभर राबणारी माणसं. माझ्याकडे माझी भाची, शेजारचे निवृत्त काका आणि वाचनालयातल्या दोन मैत्रिणी. मी १८ वर्षं वाचनालयात काम करते. तिथे आवाज चढवायची वेळ येत नाही. उभं राहायचं कारण एकच होतं. शाळेमागचं मैदान बांधकामासाठी विकायचं घाटत होतं आणि सभागृहात त्यावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं. संध्याकाळी त्या मैदानात दोनेकशे मुलं असतात. वाचनालय सुटल्यावर मी रोज त्याच्या कडेने घरी जाते. ते गेलं तर ती मुलं कुठे जाणार, हे मी ज्याला त्याला विचारत होते आणि कुणाकडेच उत्तर नव्हतं.

पहिले तीन दिवस रोज ५० घरं केली. तिसऱ्या रात्री घसा बसला. डॉक्टरांनी बजावलं, ओरडणं बंद करा, नाहीतर मतदानापर्यंत आवाज उरणार नाही. चौथ्या दिवशी भोंगा आणला.

वस्तू म्हणून सांगायचं तर हातात धरायचा प्लास्टिकचा भोंगा, सेलसकट दीड किलोच्या आसपास. मागच्या बाजूला माइक, खाली मूठ, मुठीवर चाप. आवाज कमी-जास्त करायची चकती बाजूला. खांद्याला अडकवायला पट्टा मिळतो. तो पट्टा पहिल्या दिवसापासून वापरा. दीड किलो ऐकायला काही वाटत नाही, पण दहा मिनिटं एका हातात तोंडासमोर धरून उभं राहा म्हणजे कळेल. हात खाली यायला लागतो तसा भोंगाही खाली येतो आणि तुमचा आवाज समोरच्या माणसांऐवजी रस्त्यात शिरतो.

आतली रचना मला काकांनी उलगडून दाखवली. त्यांनी नोकरीभर यंत्रं दुरुस्त केली आहेत. लांब कर्णा असेल तर आवाज चांगला फेकला जातो, पण लांब कर्णा हातात धरता येत नाही. म्हणून यात आवाजाची वाट दुमडलेली असते. आवाज आधी मधल्या नळीतून पुढे जातो, तिथून उलटा मागे वळतो आणि मग बाहेरच्या कर्ण्यातून पुढे पडतो. छोट्या डब्यात लांब रस्ता बसवला आहे. विजेवर चालणारा हातातला भोंगा पहिल्यांदा जपानच्या टोआ कंपनीने १९५४ मध्ये बनवला. त्याआधी नुसताच कर्णा असायचा आणि माणसाच्या छातीत असेल तेवढंच बळ.

कर्णा लहान असल्यामुळे खर्जातला आवाज तो जवळजवळ टाकूनच देतो. याचा परिणाम आम्हाला अपेक्षित नव्हता. काकांचा आवाज भारदस्त आहे, म्हणून आधी तेच बोलणार होते. भोंग्यातून तो आवाज पत्र्यावर हात घासल्यासारखा येऊ लागला. माझा बारीक, वरच्या पट्टीतला आवाज मात्र स्वच्छ गेला, अक्षर न् अक्षर कळेल असा. आवाज बारीक आहे म्हणून मी शाळेत असल्यापासून कधी व्यासपीठावर गेले नव्हते. ज्या बायका आवाजाच्या भीतीने निवडणुकीला उभ्या राहत नसतील त्यांना मला हे मुद्दाम सांगायचं आहे: या यंत्राला तुमचाच आवाज मानवतो.

खोक्यावर आवाज अर्धा किलोमीटर जातो असं छापलंय. जात असेल, मोकळ्या माळावर, शांत वेळी. दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या गल्लीत मी पावलं मोजून पाहिली. ७० पावलांपर्यंत शब्द कळतात, त्यापुढे नुसता नाद. समोर ३५ मीटरवर भिंत असेल तर तुमचाच आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात परत येतो आणि पुढच्या शब्दावर आदळतो. म्हणून भिंतीकडे तोंड करू नका, गल्लीच्या लांबीकडे करा. आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबा. थांबायला सुरुवातीला भीती वाटते, लोक निघून जातील असं वाटतं. पण ते जात नाहीत.

समोरच्या उमेदवाराच्या गाडीवर चार मोठे कर्णे होते. ती गाडी चौकातून गेली की आमचं बोलणं पार बुडायचं. भाची हिरमुसली. तिचं म्हणणं, याहून मोठा भोंगा घेऊ. काकांनी तिला हिशेब समजावला तो असा: वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम फरक कळतो. कानाला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर वॅट साधारण दहापट करावे लागतात. म्हणजे त्या गाडीकडे आमच्या दहापट ताकद असली तरी ऐकणाऱ्याला ती आमच्या दुप्पटच मोठी वाटते. शिवाय गाडी फिरती. दोन मिनिटांत ती पुढच्या गल्लीत जाते आणि आम्ही तिथेच असतो. तेव्हापासून आम्ही ठरवून टाकलं, गाडी आली की भोंगा खाली, गाडी गेली की पुन्हा तोंडाशी. ज्यांच्याकडे पैसा नाही अशा प्रत्येक उमेदवाराने हा हिशेब कागदावर करून पाहावा. जेवढं वाटतं तेवढं अंतर नसतं.

आता या भोंग्याचे दोष.

शिट्टी. चकती पूर्ण फिरवलेली असताना भिंतीजवळ चाप ओढला तर कर्ण्यातला आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी निघते. पहिल्याच संध्याकाळी एका इमारतीच्या आवारात हे झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत एक बाई आली आणि हात जोडून म्हणाली, "ताई, आत्ताच झोपलं होतं हो बाळ. दोन तास लागले." आतून बाळाचं रडणं येत होतं. मी भोंगा भाचीकडे दिला, वर गेले, दारातच माफी मागितली. तिने आत बोलावलं. बाळ खांद्यावर घेऊन ती येरझाऱ्या घालत बोलत होती, मी ऐकत होते. मैदानाबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं. तिला काळजी होती मैदानाकडच्या पायवाटेवरच्या दिव्यांची. तिथले तीन दिवे कित्येक महिने बंद होते आणि रात्रपाळीहून ती तिथूनच येते. माझ्या पत्रकात दिव्यांचा उल्लेखसुद्धा नव्हता. दुसऱ्या छपाईत तो दुसऱ्या क्रमांकावर आला. शिट्टीवर उपाय सोपा आहे: चकती निम्म्याच्या वर नेऊ नका, आणि आवारात बोलायचं असेल तर आधी वर बघा, कुठे कपडे वाळत घातलेत, कुठे लहान मुलांचे आहेत.

सायरनचं बटण. हे चापाच्या अगदी शेजारी आहे आणि याबद्दल बनवणाऱ्यांवर माझा मनापासून राग आहे. पाचव्या दिवशी वृद्धांच्या एका छोट्या घोळक्यासमोर माझा अंगठा त्यावर पडला. समोर काठी टेकून उभे असलेले आजोबा दचकले, छातीवर हात गेला, काठी पडली. मैत्रिणीने त्यांना बसवलं, पाणी दिलं. पाच मिनिटांनी त्यांचा श्वास जागेवर आला तोवर माझे हात थरथरत होते. त्याच रात्री त्या बटणावर जाड पुठ्ठा ठेवून चिकटपट्टीने बांधून टाकला. तुम्ही पहिलं काम हेच करा, भोंगा खोक्यातून काढल्या काढल्या.

सेल. मध्यम आकाराचे आठ लागतात. साधे सेल उतरायला लागले की आवाज आधी फाटतो, मग बारीक होतो, आणि फाटलेल्या आवाजात खरं बोलणंसुद्धा चढेल वाटतं. पुन्हा चार्ज होणारे वापरले तर प्रत्येक सेल दीडऐवजी १.२ व्होल्टचा, म्हणजे आठांचे १२ नाही, ९.६ व्होल्ट होतात. आवाज थोडा कमी, पण शेवटपर्यंत एकसारखा. मी सहाव्या दिवसापासून तेच वापरले.

आणि आता तो चाप.

नवव्या दिवशी संध्याकाळी चौकात चाळीसेक माणसं जमली होती. तोवरची ती आमची सगळ्यात मोठी कोपरा सभा. मी शेवटचं वाक्य म्हणाले, "शाळेमागचं मैदान मी कुणालाही विकू देणार नाही." वाक्य लांब, श्वास संपत आलेला, बोट सैल पडलं. लोकांना ऐकू गेलं ते असं: "शाळेमागचं मैदान मी कुणालाही विकू देणार."

मला पत्ताच नव्हता. आपला आवाज आपल्या डोक्यात पूर्णच वाजतो. जमलेले लोक एकमेकांकडे बघत पांगले. मला वाटलं, विचारात पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका दारात आजी म्हणाल्या, "काल तर तूच म्हणालीस विकू देणार. मग आमच्याकडे कशाला आलीस?"

"अहो आजी, नाही म्हणाले मी. देणार नाही म्हणाले."

"ते 'नाही' आम्हाला ऐकू आलं नाही, बाई. आम्ही तिघी होतो."

पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढच्या दारात तर दारच उघडलं नाही. दुपारपर्यंत ते वाक्य अर्ध्या वॉर्डात पोचलं होतं, आणि ते पसरवायला कुणी विरोधक लागला नव्हता. मीच माझ्या तोंडाने चौकात उभी राहून बोलले होते.

त्या दुपारी मैदानात जाऊन आम्ही तपासणी केली. भाची ५० पावलांवर वही घेऊन उभी राहिली. मी दहा वाक्यं बोलले, तिने ऐकू आली तशी लिहिली. दहापैकी चार वाक्यांची शेपूट गायब. दोन वाक्यांत तर पहिलं अक्षरही नव्हतं, कारण चाप ओढून मी लगेच बोलत होते. वही बघताना मला पहिल्यांदा जाणवलं की आपल्या भाषेत सगळं वजन शेवटी येतं. करीन की करणार नाही, झालं की झालं नाही, होतं की नव्हतं. बोलणाऱ्याचा श्वास नेमका तिथेच संपतो.

मग दोन गोष्टी बदलल्या. चाप ओढल्यावर मनात "एक" म्हणायचं आणि बोलायला लागायचं, वाक्य संपल्यावर मनात "एक, दोन" म्हणायचं आणि मगच सोडायचं. आणि नकार शेवटी ठेवायचा नाही. "मैदान मुलांचं आहे. मुलांचंच राहील." याचा शेवट कापला गेला तरी अर्थ उलटत नाही. अगदीच नकार हवा असेल तर तो पुढे आणायचा: "नाही विकू देणार मैदान." मी माझं सगळं बोलणं असं बसून पुन्हा लिहिलं. लिहिताना लक्षात आलं की आधीच्या भाषणात मी काय होऊ देणार नाही हेच सांगत होते, काय करणार हे फार थोडं होतं. नवं बोलणं निम्म्याने लहान झालं आणि दिव्यांचं काम किती दिवसांत व्हावं, मैदानाची नोंद आराखड्यात कशी करून घ्यायची, हे त्यात आलं.

पण चौकात जे ऐकलं गेलं होतं ते भोंग्याने परत घेता येत नव्हतं. चौकाभोवतीच्या चार गल्ल्यांत आम्ही पुन्हा दारोदार गेलो. दोन दिवस, सव्वाशे घरं. प्रत्येक दारात मी आधी तेच सांगायचे: "परवा माझं वाक्य अर्धं ऐकू आलं, चूक माझी, पूर्ण वाक्य सांगायला आलेय." ज्या दारांत आदल्या फेरीत दोन मिनिटंही मिळाली नव्हती, तिथे लोक बसा म्हणाले. ज्या आजींनी पहिल्यांदा मला ऐकवलं होतं त्यांनी जिन्यात उभं राहून शेजारणीला हाक मारली, "अगं ये, ती पूर्ण वाक्य सांगतेय."

भाची राज्यशास्त्र शिकते. तिने मला अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९९८ च्या निवडणुकीच्या वेळी न्यू हेवन शहरात त्यांनी जवळजवळ ३०,००० मतदारांवर तो केला. काहींच्या घरी माणसं पाठवली, काहींना पत्रं, काहींना फोन. घरी जाऊन बोललेल्यांचं मतदान ठळकपणे वाढलं, पत्रांनी किंचित, फोनने काहीच नाही. हा प्रयोग मतदानाला बाहेर पडण्याबद्दलचा होता, कुणाला मत दिलं याबद्दलचा नव्हे, एवढं लक्षात ठेवून मी तो घेते. तिनेच लिंकनचंही सांगितलं. १८३२ मध्ये इलिनॉयच्या विधानसभेला ते पहिल्यांदा उभे राहिले आणि १३ उमेदवारांत आठवे आले. पण ते जिथे राहायचे त्या न्यू सेलममध्ये ३०० पैकी २७७ मतं त्यांना होती. जिथे लोक त्यांना चेहऱ्याने ओळखत होते तिथे जवळजवळ सगळी.

आमचा निकाल: पाचांत मी दुसरी, ६३ मतांनी मागे. मतमोजणीच्या वेळी केंद्रानुसार आकडे समोर येतात. चौकाजवळच्या केंद्रावर, जिथे आम्ही दोनदा घरोघरी गेलो होतो, मी दोन्ही पक्षांच्या पुढे होते. मुख्य रस्त्यापलीकडच्या केंद्रावर मी तिसरी. तिथे वेळ उरला नाही म्हणून शेवटचे तीन दिवस आम्ही फक्त भोंगा घेऊन फिरलो होतो. आवाज पोचला होता, मी पोचले नव्हते. तो कागद मी जपून ठेवलाय. त्या दिवशी रडले, हेही लिहिते, कारण पुढे उभं राहणाऱ्या कुणाला वाटू नये की आपल्यालाच असं होतं.

अमेरिकेतले राजकारणी बर्नी सँडर्स १९७० च्या दशकात चार निवडणुका हरले आणि १९८१ मध्ये बर्लिंग्टन शहराचे महापौर झाले ते अवघ्या १० मतांनी. तिथलेच हार्वी मिल्क सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नगरमंडळासाठी उभे राहून १९७३ ला हरले, १९७५ ला हरले, १९७७ ला निवडून आले. मिल्क यांच्या कितीतरी फोटोंत हातात भोंगा दिसतो. भाचीने त्यांतला एक छापून वाचनालयातल्या माझ्या टेबलावर ठेवलाय.

तर घ्यावा का? घ्या. दोन-तीन माणसांवर प्रचार चालवणाऱ्याला घसा राखायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला सापडलं नाही. आवाज बारीक असेल तर नक्की घ्या. मात्र तो लोकांना गोळा करण्यापुरता, पाचेक मिनिटं वापरा आणि मग खाली ठेवून दारांकडे वळा. १० सेकंदांचं ध्वनिमुद्रण करून तेच तेच वाजवायची सोय यात आहे, ती वापरू नका. आम्ही एक दुपार वापरली आणि लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. वस्तूची बांधणी चांगली, आवाज स्वच्छ, सायरनच्या बटणाची जागा अक्षम्य. पाचांपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा तो पुठ्ठा लावल्यावर दिला.

काम झालं की सेल काढून ठेवा, आत राहिले तर फुटून पाणी सोडतात आणि पट्ट्या गंजतात. माझे काढून डब्यात ठेवलेत. मैदानाचा विषय पुढच्या महिन्यात सभागृहात यायचा आहे, तेव्हा बाहेर उभं राहायला लागतील. मागच्या रविवारपासून मुख्य रस्त्यापलीकडची घरं सुरू केली आहेत, भोंगा घरी ठेवून. पहिल्या दिवशी १४ झाली.